खडेबाजारातलं जुनं बाइंडिंगचं दुकान: खापरपणजोबांची रेल्वेची वही वाचवली!

माझे खापरपणजोबा सदर्न मराठा रेल्वेत होते, आधी तारबाबू आणि मग गुड्स क्लार्क. त्यांची नोंदवही आमच्या माडीवर ट्रंकेत पडून होती, निम्मी वाळवीनं खाल्लेली, निम्मी मोडी लिपीत आणि हुकूम तेवढे इंग्रजीत. आधी दुसऱ्या एका दुकानात नेली होती तर तो म्हणाला सरळ लॅमिनेशन करून टाकूया, नशीब मी परत घेऊन आलो.

खडेबाजारातल्या या मामांनी पहिल्यांदा वही बघून अर्धा तास फक्त पानं मोजली. मग म्हणाले फेव्हिकॉल लावायचा नाही, पिठाची खळच लावायची, म्हणजे उद्या कोणाला सोडवायची झाली तर सुटते. फाटक्या पानांना पातळ टिश्यू, दोऱ्याची शिवण, कापडी पाठ. बारा दिवस लागले आणि साडेसहाशे रुपये घेतले, मला तर कमीच वाटले.

आता पानं उलटता येतात म्हणून सांगतो, काय काय आहे त्यात! १८७६-७८ च्या दुष्काळात या भागात धान्य पोचवायची सोय नव्हती, म्हणून पुढं १८८२ ला ही सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली आणि मीटर गेज टाकली, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. पण पुण्याला जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) ब्रॉड गेज, म्हणजे जास्त रुंद रूळ, त्यामुळं इकडून गेलेली कापसाची गाडी तिथं उतरवून परत दुसऱ्या डब्यात भरायची. एखादं पोतं कमी निघालं की व्यापाऱ्याचा दावा आणि खुलासा मागायचे बुकिंग क्लार्कला. अशा खुलाशांची नऊ पानं आहेत, एका ठिकाणी पगारातून कापल्याचंही लिहिलंय, वाचताना पोटात कालवतं हो. 'एजंटसाहेबांचा हुकूम' असं सारखं येतं, मला वाटलं तिकीट एजंट असेल कोण तरी, पण त्या काळी एजंट म्हणजे कंपनीचा इथला सगळ्यात मोठा साहेब, आत्ताचा जनरल मॅनेजर म्हणा, कारण बोर्ड बसायचं लंडनला. १९०८ ला मद्रास रेल्वेबरोबर कंपनी एक झाली, तिथून पुढच्या कागदांवर शिक्काच बदललाय, एम अँड एसएम, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा. माणूस तोच, टेबल तेच, सही पण तीच.

सुट्या पावत्या मामांनी चिकटवल्या नाहीत, मागच्या पुठ्ठ्याला कागदी खिसा करून त्यात ठेवल्या, हे मी सांगितलंही नव्हतं. एकच तक्रार, पाठीवरच्या सोनेरी अक्षरात 'मराठा'चं 'मराठ' झालं होतं, ते दोन दिवसांत परत करून दिलं, पैसे नाही घेतले.

दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही, चालत जावा. आणि जुनी वही असेल तर पावसाळ्यात देऊ नका, खळ नीट वाळत नाही, मामाच परत पाठवतात.