डिजीकॅम: स्क्रॅपबुक करणाऱ्यांनी आधी हे इन्स्टॉल करावं (दोन वर्षं वापरून लिहितेय)

आधी सांगते की डिजीकॅममध्ये स्क्रॅपबुकचं, म्हणजे फोटो सजवून केलेल्या आठवणींच्या पुस्तकाचं, एकही पान बनत नाही. पान बनवायला फोटोशॉप, कॅनव्हा, जे काय वापरता ते वापरा. डिजीकॅम हे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, केडीई नावाच्या प्रोजेक्टमधलं आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. मग स्क्रॅपबुकवाल्यांना त्याचं काय, तर माझं पहिलं पुस्तक कसं चुकलं ते ऐका म्हणजे कळेल.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी चाळीस पानांचं डिजिटल स्क्रॅपबुक करून छापलं होतं. तीन महिने रोज रात्री बसायचे. पानं खरंच सुंदर झाली होती, पैठणीच्या काठाची बॉर्डर, जुन्या पोस्टकार्डाचा कागद, सगळं मन लावून केलेलं. कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तक सगळ्यांच्या हातात फिरलं आणि आत्या म्हणाली, "अगं, ही मी नाहीये, ही सुमाक्का आहे." दोघी बहिणी, दोघींच्या दोन वेण्या, फोटो ब्लॅक अँड व्हाईट, मी नावं उलटी टाकली होती. पुढे काकांनी दाखवलं की विहिरीवरचा एकच फोटो आठव्या पानावर पण आहे आणि एकतिसाव्या पानावर पण, फक्त एकीकडे सेपिया केलाय. आणि आजोबांच्या फोटोखाली जे साल होतं ते आजोबा गेल्यानंतरचं होतं, कारण मी स्कॅनच्या फाइलची तारीख बघून अंदाजाने काहीतरी धरलं होतं. आजी काही बोलली नाही, ती फोटोवरून नुसता हात फिरवत बसली होती, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर शांतपणे बसून बघितलं तेव्हा लक्षात आलं की यातली एकही चूक पान बनवताना झालेली नव्हती. पानावर बसायच्या आधीच फोटो कोणाचा, कधीचा, आधी वापरलाय का, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि रात्री अकरा वाजता डोक्यावर किती भरवसा ठेवणार.

तेव्हापासून डिजीकॅम. आता माझ्याकडे साधारण नऊ हजार फोटो आणि वेगळे स्क्रॅपबुकचे कागद, फुलं, लेस, फ्रेम असं सगळं त्यात आहे.

इन्स्टॉल करताना पहिल्यांदाच ते दोन-चार प्रश्न विचारतं, घाईत नेक्स्ट नेक्स्ट करू नका. फोटोंचं मुख्य फोल्डर कुठलं ते विचारतं, डेटाबेस (त्याची स्वतःची नोंदवही) कुठे ठेवू ते विचारतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही जी नावं, टॅग (शोधायला सोपं जावं म्हणून फोटोला लावलेली खूण), कॅप्शन टाकाल ती फोटोच्या फाइलमध्येपण लिहू का असं विचारतं. तिथे हो म्हणा! नाही म्हटलंत तर सगळी माहिती फक्त डिजीकॅमच्या डेटाबेसमध्ये राहते आणि उद्या लॅपटॉप बदलला, डेटाबेस गेला की वर्षभराची मेहनत पाण्यात. फाइलमध्ये लिहिलेलं असलं की फोटो जिकडे जाईल तिकडे नाव सोबत जातं. कॅप्शनचं तर अजून एक आहे, डिजीकॅममध्ये लिहिलेलं कॅप्शन फोटोशॉपमध्ये फोटो उघडून फाइल इन्फोत गेलं की डिस्क्रिप्शनच्या रकान्यात दिसतं, तिथून कॉपी करून पानावर पेस्ट करायचं. पुन्हा टाइप करायचं नाही. नावातली, सालातली अर्धी चूक ही दुसऱ्यांदा टाइप करतानाच होते हे मी अनुभवाने सांगते.

टॅग मराठीत टाकता येतात, शोधतापण येतात. फक्त एकच स्पेलिंग ठरवा. माझ्याकडे आधी आजी, आज्जी आणि आजी (सातारा) असे तीन टॅग झाले होते आणि शोधलं की एक तृतीयांशच फोटो यायचे. आता माणसं, गाव, प्रसंग, ऋतू असे चार मोठे टॅग आणि त्यांच्या पोटात बाकीचे. प्रसंगाच्या खाली बारसं, मुंज, लग्न, डोहाळजेवण, गणपती, शेतातली सुगी वगैरे. सुगीच्या पानासाठी फोटो हवे असले की दोन क्लिकमध्ये समोर.

चेहरे ओळखायची सोय आहे त्यात. त्यासाठी सुरुवातीला काही शे एमबीचा डेटा डाउनलोड करावा लागतो, तो एकदाच. मग सगळ्या फोटोंतून चेहरे शोधून काढतं, तुम्ही काही चेहऱ्यांना नावं दिलीत की बाकीचे ओळखायला लागतं. आता खरं सांगायचं तर जुन्या फोटोंत ते बहिणी-बहिणींत गोंधळतं, आणि बाळाचा चेहरा म्हणजे कोणाचाही कोणालाही लावतं. पण मला यातलं जे आवडलं ते हे की ते स्वतःच्या मनाने नाव पक्कं करत नाही, सुचवतं आणि तुमच्या होकारासाठी वेगळं ठेवतं, तुम्ही हो म्हटलंत तरच नाव लागतं. मी ते सुचवलेले चेहरे घेऊन आत्याशेजारी बसले, तिने एकेक बघून हो-नाही केलं. सुमाक्का आता सुमाक्काच आहे.

तारखांचं थोडं सविस्तर सांगते कारण इथे सगळ्यांचंच चुकतं. जुना फोटो स्कॅन केला की फाइलला स्कॅन केल्याची तारीख लागते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतून फोटो काढल्याची तारीख निघून जाते, आणि फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो पाठवल्या-मिळाल्याची असते, काढल्याची नाही. म्हणजे मामाने २०१२ च्या लग्नाचा फोटो काल पाठवला की तो कालच्या फोटोंमध्ये जाऊन बसतो. डिजीकॅममध्ये एकदम पन्नास फोटो सिलेक्ट करून त्यांची तारीख बदलता येते. नक्की दिवस माहीत नसेल तर मी त्या वर्षाची १ जानेवारी टाकते आणि सोबत "तारीख अंदाजे" असा टॅग लावते, आणि तो टॅग असलेल्या फोटोखाली पानावर साल छापायचंच नाही असा माझा नियम आहे. नातेवाइकांना सांगा की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा पाठवला की ओरिजिनल फाइल जशीच्या तशी येते, साइज पण आणि तारीख पण.

साइजवरून आठवलं. आपलं १२ बाय १२ इंचाचं पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. व्हॉट्सअॅपचा साधा फोटो बहुतेक वेळा १६०० पिक्सेलच्या आसपास असतो, म्हणजे छापायला जेमतेम पाच-साडेपाच इंच. स्क्रीनवर तो पूर्ण पानभर छान दिसतो आणि छापून आला की चेहरे पिठासारखे. यासाठी डिजीकॅमचं डुप्लिकेट शोधायचं काम फार उपयोगाचं आहे, एकसारखे दिसणारे फोटो ते एकत्र आणून दाखवतं, नाव वेगळं असलं साइज वेगळी असली तरी. मग ओरिजिनल आणि त्याची व्हॉट्सअॅपवरची छोटी कॉपी शेजारी शेजारी दिसतात, मोठी ठेवायची, छोटी काढून टाकायची. शंका असेल तर लाइट टेबल म्हणून आहे त्यात दोन फोटो बाजूबाजूला घेऊन झूम करून बघता येतात. माझे पहिल्याच फेरीत हजारभर फोटो कमी झाले.

आणि एकच फोटो दोनदा वापरला जातो त्यावर माझा उपाय म्हणजे कलर लेबल. पिवळं म्हणजे या पुस्तकात घ्यायचाय, हिरवं म्हणजे पानावर लागला. पान सेव्ह केलं की लगेच, उठायच्या आधी, त्या पानावरच्या फोटोंना हिरवं करायचं. पुढचं पान करताना फक्त पिवळे दिसतील असा फिल्टर लावायचा. पुस्तक संपलं की जे पिवळे उरतील ते कोणाचे आहेत ते बघायचं, कारण कोणातरी एकाच काकूचा एकही फोटो आला नाही असं होतं आणि ते कार्यक्रमातच कळतं.

स्क्रॅपबुकचे किट विकत घेणाऱ्यांसाठी. किटचे कागद जेपीजी असतात आणि फुलं-लेस-बटणं वगैरे पीएनजी, कारण मागची बाजू पारदर्शक लागते. पीएनजीचं चुकून जेपीजी केलंत तर फुलाभोवती पांढरा चौकोन येतो. मी प्रत्येक किट झिपमधून काढून एका फोल्डरात टाकते, डिझायनरचं नाव टॅगमध्ये, रंग टॅगमध्ये, आणि वापरायच्या अटींची जी टेक्स्ट फाइल असते ती त्याच फोल्डरात ठेवते, डिलीट करत नाही. बरेच किट फक्त स्वतःच्या वापरासाठी असतात, दुसऱ्याला पैसे घेऊन पुस्तक करून देताय तर त्यासाठी वेगळी परवानगी लागू शकते. मला मैत्रिणीने पैसे देऊन मुलाच्या बारशाचं पुस्तक करायला सांगितलं तेव्हा कुठले किट चालतील हे त्या टॅगमुळे दहा मिनिटांत निघालं.

फाइलच्या नावांसाठी एफ टू दाबलं की एकदम शंभर फोटोंची नावं बदलता येतात. मी साल-महिना-दिवस, मग प्रसंग, मग नंबर असं ठेवते. साल आधी ठेवा, दिवस आधी ठेवलात तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात. पण हे सगळं पान सुरू करायच्या आधी! फोटोशॉपमध्ये लिंक करून टाकलेला फोटो नंतर नाव बदलला किंवा हलवला तर पानाला तो सापडत नाही. आणि फोटो हलवायचे असतील तर डिजीकॅमच्या आतूनच हलवा. त्यातले अल्बम म्हणजे तुमच्या डिस्कवरचे खरेच फोल्डर आहेत, तिथे अल्बम डिलीट केलात तर फोटो पण गेले समजा, नुसती यादी नाही जात.

डिजीकॅमशी संबंध नाही तरी मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये जोडाक्षरं तुटत असतील, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जात असेल तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड रेडी लेआउट निवडा, आणि मुक्ता किंवा बलू सारखा युनिकोड फॉन्ट घ्या. तुटलेल्या अक्षरात आजीचं नाव छापून आलं तर पैठणीच्या बॉर्डरचं काय करायचंय.

आता खटकलेल्या गोष्टी. मेनू अति आहेत, पहिले आठ दिवस मला वाटलं हे आपल्याला जमणारच नाही, नंतर कळलं की त्यातल्या दहा टक्के गोष्टी आल्या तरी पुरे. मोबाईलवर नाही, लॅपटॉपवरच बसावं लागतं. माझ्या आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर चेहरे शोधायला लावले की बाकी काही करता येत नाही, मी रात्री लावून झोपते. आणि कोणी शिकवणारं शेजारीपाजारी सापडत नाही, मॅन्युअल आहे पण इंग्रजीत आहे. ज्यांचे दोनशे-तीनशेच फोटो आहेत त्यांनी एवढा व्याप करू नये, एक फोल्डर आणि एक वही पुरते. हजाराच्या पुढे गेलात की मात्र याच्याशिवाय जाऊ नका.

बॅकअप वेगळा घ्याच. डिजीकॅम स्वतःहून तुमच्या फोटोंचा बॅकअप घेत नाही. माझी एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि हार्ड डिस्क भावाच्या घरी असते, माझ्या घरी नाही. पानाची लेयरवाली पीएसडी फाइल (फोटोशॉपची, जिच्यात फोटो, अक्षरं सगळं वेगवेगळं राहतं) पण त्यात ठेवा, नुसती जेपीजी ठेवून उपयोग नाही, नाव दुरुस्त करायची वेळ आली तर जेपीजीत काही करता येत नाही. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या पीएसडी होत्या म्हणून बरं, तीन पानं दुरुस्त करून पुन्हा छापली आणि नवीन पुस्तक आजीला दिलं. तिने आधी एकतिसावं पान उघडून बघितलं.

आता "अनोळखी" टॅगमध्ये अजून ४३ फोटो आहेत. बहुतेक आजीच्या माहेरचे आहेत. दिवाळीत आत्या आठ दिवस राहायला येणार आहे, लॅपटॉप आणि तिचा चष्मा दोन्ही तयार ठेवलेत, रोज दुपारी पाच-सहा फोटो घेऊन बसायचं ठरलंय.