एसी १२८ ट्रान्झिस्टर म्हणून सिलिकॉन गळ्यात मारलं : १६,५५० रुपये गेले, तुम्ही सावध राहा

१६,५५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो. घरी अजून ९,००० च सांगितलेत, तेव्हा ओळखीच्यांनी तोंड बंद ठेवा.

मी बास गिटारसाठी इफेक्ट पेडल बनवतो, म्हणजे पायानं दाबून आवाज बदलायच्या डब्या. दिवसा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांची इलेक्ट्रिकची कामं, रात्री सोल्डरिंग. ऑर्केस्ट्रातली पोरं घेऊन जातात. बासची खालची ई तार ४१ हर्ट्झची. साध्या फझ पेडलमध्ये (आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या) तो सूर पातळ पडतो, म्हणून मी शेवटचा ०.०१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर काढून ०.१ चा टाकतो आणि मूळ साफ आवाज मिसळायला वेगळा नॉब देतो. रेझिस्टर, ४५५८ नि टीएल०७२ या आयसी, हे गावातच मिळतं. अडतं ते जर्मेनियमच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर, आताचे सगळे सिलिकॉनचे. एसी १२८ हा त्यातलाच, एके काळी रेडिओच्या आउटपुटला असायचा, आता दुकानात नाव काढलं तर पोरगा तोंडाकडे बघतो.

म्हणून एका मेसेजिंग ग्रुपवरच्या विक्रेत्याकडे गेलो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पहिली ऑर्डर ७८० ची, सगळा माल चोख, वर दोन एलईडी फुकट. मग मोठी ऑर्डर : ४० एसी १२८, नग १९० प्रमाणे ७,६००. कोरस इफेक्टच्या पेडलसाठी १० एमएन३००७ आयसी, ४,२००. वीस ३पीडीटी फूटस्विच, १,७००. कुरियर १५०. एकूण १३,६५० आगाऊ. त्यानंतर 'दादा, माल कस्टमला अडकलाय' म्हणून आणखी २,९००.

चाळीस कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालं. अहो, जर्मेनियम एकसारखा येतच नाही. फझला एक साधारण ७० गेनचा (सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा) आणि एक १२० च्या आसपासचा लागतो. ढिगातून निवडावेच लागतात. दहा घेऊन जोडी जमेलच असं नाही. ज्यानं कधी जोड्या लावल्या नाहीत त्यानं मला हावरट म्हणू नये.

आता जे डोक्यातून जात नाही ते. पैसे टाकायच्या आधी मी व्हिडिओ मागितला होता. मागितला होता! त्यानं पाठवलाही. हिरवी कटिंग मॅट, पिवळा मल्टिमीटर डायोड मोडवर लावलेला, ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर पायांना प्रोब, आणि स्क्रीनवर स्वच्छ ०.६४८ व्होल्ट. जर्मेनियम ०.३ च्या आत दाखवतो. ०.६ म्हणजे सिलिकॉन, हे मी पोरांना शिकवतो. पण मी बघत होतो ट्रान्झिस्टरच्या पत्र्याच्या डबीवरची छपाई, किती जुनी, किती छान पुसट वाटते ते. आकडा माझ्या डोळ्यासमोर होता आणि मी 'ओके दादा' लिहून पैसे सोडले.

त्याहून वाईट पुढेच. माल आल्यावर मी थेट जोडणी केली. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली बसून जर्मेनियमचा फझ लावा, तासाभरात उष्णतेनं बायस (ट्रान्झिस्टरचं बसवलेलं व्होल्टेज) हलतो आणि आवाज तुटक येतो. हा हललाच नाही. मी खूश! 'वा, काय माल दिलाय.' शेवटी बासवाला मित्रच म्हणाला, "का बे, आवाज असा खरखरीत का येलालाय?" तेव्हा मीटर काढला. चाळीसच्या चाळीस सिलिकॉन. एमएन३००७ वर नेलपॉलिश रिमूव्हर फिरवला तर अक्षरं कापसावर उतरली आणि खाली भलताच नंबर. स्विच तेवढे खरे.

आणि त्या खऱ्या स्विचनीच माझी केस बुडवली. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" मीटर लावून दाखवला तर म्हणाले, आम्हाला यातलं कळत नाही. कळत नाही तर फसवणूक नाही हे कसं ठरवता? मग म्हणे पार्सल परराज्यातलं, तिकडे जाऊन तक्रार द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची सोय आहे, हे मी प्रिंट काढून नेलं. प्रिंट बघितली, परत दिली, चहा मागवला. त्यांच्यापुरता.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला. 'पैसे गेल्या गेल्या फोन करायचा होता.' अहो ताई, पैसे गेले तेव्हा मला पार्सलची वाट होती! पार्सल यायच्या आधी मी फसलो हे मला कसं कळावं? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारलं तर, पेडल विकता म्हणजे व्यापारी, ग्राहक नाही. पोटापाण्यासाठी स्वतः राबून करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, तेही मीच सांगायचं. बँकेनं पोलिसांकडे बोट दाखवायचं, पोलिसांनी सायबर तक्रारीच्या पोर्टलकडे, पोर्टलवर स्टेटस 'प्रक्रियेत'. सोळा हजार त्यांना किरकोळ वाटतात. माझ्या त्या तीन महिन्यांच्या रात्री आहेत.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतो, एवढं लक्षात ठेवा. पार्सल फोडताना अखंड व्हिडिओ काढा. माझ्याकडे नाही, वकील पहिला तोच मागतो. पहिली छोटी ऑर्डर नीट आली याचा अर्थ शून्य. देशातल्या देशात येणाऱ्या पार्सलला कस्टम कसलं लागतं, हे पैसे टाकायच्या आधी विचारा. एसी १२८ हवेतच तर जुना रेडिओ भंगारात घ्या, स्वतः मीटर लावून.

तो माणूस परवा नव्या नंबरवरून दुसऱ्या ग्रुपवर दिसला, माल तोच, भाव आता २१०. हिरवी मॅट, पिवळा मीटर, उजव्या अंगठ्याच्या नखावर काळा डाग. असा व्हिडिओ आला तर ब्लॉक करायच्या आधी नंबरचा स्क्रीनशॉट काढा आणि मला पाठवा, अर्जाला जोडायचाय.