ई-रीडरचा पडदा: कोणता घ्यावा आणि तो कशाने जातो

ई-रीडर, म्हणजे पुस्तके वाचण्यासाठीचे यंत्र, घ्यायचे मनात आले की बहुतेकांना पहिली शंका येते ती अशी, की रोज दोन-तीन तास वाचले तर पडदा किती वर्षांत झिजेल. गेली अनेक वर्षे माझे बहुतेक वाचन ई-रीडरवर चालते आणि ओळखीचे लोक खरेदीपूर्वी माझ्याकडे विचारणा करतात, म्हणून ही तुलना जरा सविस्तर मांडत आहे. माझे मत आधीच सांगतो: वाचून वाचून पडदा गेलेला ई-रीडर मी अजून पाहिलेला नाही, पाहिले ते सगळे पडदे दाबाने गेलेले होते. त्यामुळे निवड करताना आपण किती वाचतो यापेक्षा ते यंत्र आपण कुठे आणि कशात घालून नेतो, याचा विचार आधी करावा.

टॅब्लेट घ्यावा की ई-रीडर, हा प्रश्न पडद्याच्या आयुष्यापुरता सोपा आहे. टॅब्लेटच्या एलसीडी पडद्यामागचा दिवा वाचत असेपर्यंत सतत जळत राहतो आणि हळूहळू मंदावतो, तर ओएलईडी पडद्यातील प्रकाश देणारे सेंद्रिय पदार्थ वापराने क्षीण होत जातात, त्यातही निळा रंग सर्वांत आधी. ई-रीडरमध्ये असतो त्या ई-इंकच्या पडद्यात असंख्य सूक्ष्म कुप्या असतात, त्यांतील पारदर्शक द्रवात परस्परविरुद्ध विद्युतभार असलेले पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, आणि विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात व दुसऱ्या रंगाचे खाली जातात. एकदा अक्षर उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही. म्हणजे एकाच पानावर आपण अर्धा तास रेंगाळलो तरी पडद्याला कसलेही काम नसते. त्याला काम पडते ते फक्त पान उलटताना.

या उलटण्यालाही मर्यादा आहे, पण ती फार दूर आहे. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांना जे छोटे सुटे ई-इंक पडदे मिळतात, त्यांचे आयुष्य साधारण १० लाख वेळा चित्र बदलण्याइतके सांगितले जाते. हाच आकडा हिशेबाला धरला आणि रोज १५० वेळा पान उलटले असे मानले, तर वर्षाला ५४,७५० पाने होतात आणि मर्यादा गाठायला अठरा वर्षे लागतात. तोवर आतली बॅटरी कितीतरी आधी थकलेली असते. मागच्या पानाची पुसट सावली दिसू लागली म्हणून कित्येक जण घाबरतात, परंतु ती झीज नसते. पडदा एकदा पूर्ण काळा-पांढरा करून ताजा केला की ती जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. माझा पहिला ई-रीडर पुण्यात स्वारगेटहून निघालेल्या गर्दीच्या बसमध्ये गेला. सॅकमध्ये त्याच्याशेजारी स्टीलचा जेवणाचा डबा होता, सॅक पोटाशी धरलेली होती, आणि उभ्या माणसांच्या रेट्यात डब्याची कड त्याच्या पाठीत रुतत राहिली असावी. रात्री उघडला तेव्हा वरच्या अर्ध्या भागात झोपेच्या वेळचे चित्र तसेच गोठलेले होते आणि खाली बारीक उभ्या रेघांचे जाळे पसरले होते. गंमत वाटेल, पण पडद्यावरून बोट फिरवले तर कुठेही तडा लागत नव्हता, पृष्ठभाग अगदी गुळगुळीत. तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याने तो उन्हाकडे तिरपा धरून मला आतला तडा दाखवला आणि सांगितले, की नवा पडदा आणि मजुरी धरली तर खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जाईल. ते अगदी खरे होते.

याचे कारण पडद्याच्या घडणीत आहे. आपण ज्याला हात लावतो तो वरचा थर प्लॅस्टिकचा असतो आणि तो लवचीक असल्याने वाचतो. परंतु शाईच्या थरामागे, प्रत्येक बिंदूला वीज पोचवणारे ट्रान्झिस्टर ज्यावर बसवलेले असतात, ती काच अत्यंत पातळ असते. यंत्र पिळवटले गेले, पाठीवर एखाद्या ठिकाणी टोकदार दाब आला, किंवा ते गादीवर असताना कुणाचा गुडघा टेकला, की ती काच मधोमध तडकते आणि तिथल्या बिंदूंच्या ओळींना वीज मिळणे थांबते. उंचावरून सपाट पडलेला ई-रीडर पुष्कळदा वाचतो, सॅकच्या तळाशी दबलेला वाचत नाही.

काही ई-रीडरमध्ये या काचेऐवजी प्लॅस्टिकचा पाया वापरलेला असतो. ई-इंक कंपनीच्या या प्रकाराचे नाव मोबियस. सोनीच्या १३.३ इंची डीपीटी-एस१ चे वजन अवघे ३५८ ग्रॅम राहिले ते याचमुळे, आणि २०१८ मध्ये आलेल्या ८ इंची कोबो फॉर्मामध्येही तोच पाया होता. काच आणि प्लॅस्टिक या दोन्ही पायांची तुलना करायची तर सहा-सात इंची यंत्रासाठी काचेचा पाया मला पुरेसा वाटतो, कारण लहान काच कमी वाकते आणि अशा यंत्रांत निवडीला भरपूर वाव असतो. पडदा दहा इंच किंवा त्याहून मोठा असेल आणि तो रोज घराबाहेर न्यायचा असेल, तर मात्र प्लॅस्टिकच्या पायाचा पर्याय मिळतो का ते आवर्जून पाहावे व त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. मोठी काच एका कोपऱ्याला धरून उचलली तरी तिच्यावर ताण येतो. प्लॅस्टिकचा पाया तडकत नसला तरी टोकदार दाबाने शाईच्या कुप्या चिरडल्या जाऊ शकतात, हेही लक्षात ठेवावे.

खोलगट पडदा की सपाट, हा दुसरा पर्याय. खोलगट प्रकारात चौकट पडद्यापेक्षा किंचित वर असते, त्यामुळे यंत्र टेबलावर पालथे ठेवले तरी पडदा घासत नाही, पण चौकटीच्या कोपऱ्यांत कचरा साचतो आणि पुसताना तोच कचरा पडद्यावर ओढला जातो. अ‍ॅमेझॉनचा किंडल पेपरव्हाइट हा ई-रीडर २०१८ पासून सपाट झाला. सपाट प्रकारात ओरखडा वरच्या आवरणावर पडतो आणि पुसणे सोपे जाते, मात्र बोटांचे ठसे व प्रकाशाची चमक जरा जास्त जाणवते. पडद्याच्या कडेने बसवलेले दिवे लावले की लहानसा ओरखडाही अंधारात चांदणीसारखा उठून दिसतो. दोन्हींत मी सपाट घेईन, कारण त्याच २०१८ च्या बदलाबरोबर पेपरव्हाइटला पाण्यापासूनचे संरक्षणही मिळाले.

हे संरक्षण आयपीएक्स८ या दर्जाचे आहे, म्हणजे २ मीटर गोड्या पाण्यात ६० मिनिटे. साध्या किंडलला ते नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुचाकीवरून कोथरूड ते हिंजवडी ये-जा करणाऱ्याने या फरकाचे पैसे द्यावेत. घरी बसून वाचणाऱ्याने तेच पैसे चांगल्या कव्हरवर खर्च करावेत. या दर्जातील एक्स म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेली नाही, आणि साबणाचे किंवा समुद्राचे पाणी यात धरलेले नाही.

पुण्यात पावसाइतकीच काळजी उन्हाची घ्यावी लागते. किंडल वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंत आणि नुसता ठेवण्यासाठी ४५ अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते. एप्रिल-मेमध्ये शहराचा पाराच चाळिशीला टेकतो, मग उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत किंवा बंद मोटारीत काय होत असेल याचा अंदाज करता येईल. त्या डिकीत खड्ड्यांचे हादरे आणि पान्याचे टोकही असते. सारसबागेत बसून सकाळच्या उन्हात वाचायला काहीच हरकत नाही, उलट हा पडदा उन्हात सर्वांत छान दिसतो. टाळायचे ते खिडकीत दिवसेंदिवस उघडा ठेवणे, कारण अतिनील किरणांचा दीर्घ मारा त्याला सोसत नाही. पुसायला कोरडे मऊ कापड पुरते. स्पिरिट किंवा काच साफ करण्याचा फवारा वरचा लेप खराब करतो.

रंगीत पडद्याबद्दल थोडक्यात सांगतो. कॅलिडो ३ हा काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांची गाळणी चढवलेला प्रकार आहे. काळा मजकूर इंचाला ३०० बिंदूंचा आणि रंग १५० बिंदूंचे असतात, आणि गाळणीमुळे पान काळपट दिसत असल्याने दिवा अधिक लावावा लागतो. टिकण्याच्या दृष्टीने रंगाने काही मिळत नाही. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्याला मी काळा-पांढराच सुचवेन.

कव्हर घेताना कापडी पिशवीपेक्षा कडक पाठीचे घ्यावे, कारण पिशवी ओरखडे थोपवते, वाकणे थोपवत नाही. कव्हर मिटताना आत पेन, इअरफोन किंवा वाळूचा खडा राहिला नाही ना, हे बघण्याची सवय लावावी.

जुना ई-रीडर घेणार असाल तर फोटोवर विसंबू नये, कारण बंद यंत्रातही शेवटचे चित्र जसेच्या तसे दिसत राहते. समोर चालू करायला लावावा आणि चार-पाच पाने उलटून पाहावीत. मग अंधाऱ्या जागी दिवा पूर्ण वाढवून कडांना काळे डाग किंवा रेघा आहेत का ते बघावे. शेवटी यंत्र सपाट काचेवर उताणे ठेवावे. ते डुगडुगत असेल किंवा पाठ फुगीर वाटत असेल, तर आतली बॅटरी फुगून पडद्याला मागून रेटत असण्याची शक्यता असते, आणि असे यंत्र निम्म्या किमतीतही घेऊ नये.