मॅन्युअल फोकसिंग रेल, कित्येक महिन्यांच्या वापरानंतर: सगळं अडलं ते लॉकच्या नॉबवर

हा रिव्ह्यू पहिल्या आठवड्यात लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते. एप्रिलमध्ये लिहिला असता तर एक. आज साडेतीन देतोय, आणि त्यातला दीड कापलाय तो फक्त एका नॉबसाठी. फोकसिंग रेल म्हणजे नॉब फिरवून कॅमेरा थोडाथोडा पुढे-मागे सरकवायची पट्टी. अडीच हजाराच्या आसपास मिळणारी ही चार दिशांची रेल फुलांच्या फोकस स्टॅकिंगसाठी, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फ्रेम जोडून एकच लख्ख फोटो करण्यासाठी, घ्यावी का, असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी एवढं वाचूनच पैसे काढावेत.

माझ्याकडे जुना एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि १०० मिमीची मॅक्रो लेन्स. दोन्हींचं वजन मिळून दीड किलोच्या आत. रेल पाच किलो पेलते असं डब्यावर छापलंय, हे लक्षात ठेवा.

एकास-एक मॅग्निफिकेशनला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा, एफ ५.६ वर नीट फोकसमध्ये येतं ते जेमतेम ०.४५ मिमी. ‘मग लेन्सचं छिद्र बारीक करून एफ १६ कर ना’ असं सगळे सांगतात, पण एकास-एकला तो एफ १६ परिणामाने एफ ३२ होतो आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, अख्खं फूल मऊ पडतं. म्हणून मी एफ ५.६ वरच दर फ्रेमला ०.३ मिमीचा टप्पा धरतो. रुईच्या फुलातला मधला मुकुट बारा मिमी खोल धरला तर चाळीस फ्रेम लागतात. स्टॅकिंग शिकायला रुईसारखं फूल नाही. शनिवारी मारुतीच्या माळांसाठी नागपुरात बर्डीच्या फुल बाजारात ढिगाने मिळतं. पाकळी मेणचट, जाड. चाळीस फ्रेम होईस्तोवर हलत नाही की मलूल पडत नाही. गोकर्णीचं फूल तोडून आणलं की तेवढ्या वेळात कड दुमडायला लागते. रुईचा चीक तेवढा डोळ्याला लागू देऊ नका, हात धुऊनच व्ह्यूफाइंडरला डोळा लावा.

आता नॉब. कॅमेरा आडवा असेल तर रेल गुणी आहे. फुलात वरून डोकवायला कॅमेरा खाली झुकवला की लॉक कितीही आवळा, कॅमेरा धरणारी रेलची गाडी हळूहळू घसरते. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही. कळतं ते स्टॅक झाल्यावर: मुकुटाची कड लख्ख, त्याखाली केसाएवढा धूसर पट्टा, मग पुन्हा लख्ख. त्या जागेचा एकही फ्रेम फोकसमध्ये नसतो, मग सॉफ्टवेअर तरी तिथे काय भरणार? चाळीस फ्रेमची मेहनत त्या एका पट्ट्यापायी वाया जाते, आणि याचा मला अजूनही राग आहे.

विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगतो. आधी व्हिडिओ मागितला, पाठवला. मग म्हणे कॅमेरा जड असेल. डब्यावरच्या पाच किलोचा फोटो पाठवला, तर ‘रिटर्नची मुदत संपली आहे’ म्हणून तक्रार परस्पर बंद. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. मोटरवाली रेल घ्या, हा सल्ला मात्र न मागता मिळाला. तिची किंमत माझ्या लेन्सच्या बरोबरीची आहे. चालती वस्तू टाकून त्याच कामाला दहापट पैसे घालणं माझ्या घरात बसत नाही.

शेवटी रेल घेऊन खरादवाल्याकडे (लेथवर काम करणाऱ्याकडे) गेलो. त्यांनी गाडी दोन बोटांत धरून डावी-उजवी हलवली आणि म्हणाले, “नॉबले काय दोष देता भाऊ, पट्टीच ढिली हाय.” बाजूला दोन बारीक अ‍ॅलन स्क्रू आहेत, ज्यांचा उल्लेख माहितीपत्रकात कुठेच नाही. ते खाचेतली पट्टी दाबतात. त्यांनी ते स्क्रू आवळले, जुनं पातळ ग्रीस पुसलं, आणि लॉकच्या स्क्रूच्या टोकाशी पितळेचा छोटा गुटका बसवला. दीडशे रुपये. त्यानंतर झुकवलेल्या कॅमेऱ्यानेही रेल जागची हललेली नाही. म्हणजे धातू चांगला, खाच चांगली, आणि बनवणाऱ्याने पाच मिनिटांचं कसणं टाळलं.

इथवर माझं मत असं होतं की रेल दुरुस्त झाली, आता सगळं तिच्यावरच करायचं. मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला संत्र्याला फुलं येतात तेव्हा, ते बदललं. काटोलकडे नातेवाइकांचा संत्र्याचा बगीचा आहे. त्याआधीच्या आंबिया बहारात, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरच्या फुलोऱ्यात, तिथली फुलं मी रेलवर काढली होती आणि पुंकेसर जिथे पाकळीवर आडवे येतात तिथे प्रत्येकाभोवती धुरकट कड आली होती. तेव्हा त्याचाही ठपका लॉकवर ठेवला होता. पण रेल सरकते तेव्हा लेन्सच पुढे जाते, दृष्टिकोन बदलतो, पुढच्या पुंकेसरामागची पाकळी प्रत्येक फ्रेममध्ये थोडी वेगळी झाकली जाते. संत्र्याचं अख्खं फूल एपीएस-सी फ्रेममध्ये बसवायचं तर एकास-एकपेक्षा कमीच मॅग्निफिकेशन लागतं, आणि तिथे रेल न हलवता लेन्सची फोकस रिंग फिरवणं जास्त चांगलं. मृगाच्या फुलांवर तेच केलं. कडा पुष्कळ स्वच्छ आल्या.

रेलची खरी जागा एकास-एक आणि त्यापुढे. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्समधली पोकळ नळी, मॅग्निफिकेशन वाढवणारी) लावून जास्वंदीचा केसरदांडा घ्या. तिचे परागकण शंभर मायक्रॉनच्या, म्हणजे ०.१ मिमीच्या वरचे, काटेरी गोळे. स्टॅक नीट जमला की त्यांचे काटे वेगवेगळे दिसतात, एका परागकणाची सावली दुसऱ्यावर पडलेली दिसते. हे पहिल्यांदा स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. या एका कामासाठी रेल ठेवलीय आणि विकणार नाही.

नागपुरात मे महिन्यात हे करायचं तर कूलर बंद करावा लागतो, दुसरा इलाज नाही. वाऱ्याने फूल डोलतं आणि टेबलही थरथरतं. मी पहाटे उरकतो. सॉफ्टवेअरला एक रुपया घातलेला नाही: हुगिन या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणारं अलाइन इमेज स्टॅक फ्रेम जुळवतं आणि एन्फ्यूज ते एकत्र करतं. एन्फ्यूजमध्ये कॉन्ट्रास्टचं वजन एक, एक्सपोजर व सॅच्युरेशनचं शून्य, हार्ड मास्क चालू, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्यात लख्ख फ्रेमच घेतला जातो. पैसे देऊन घ्यायची हेलिकॉन किंवा झेरीनसारखी सॉफ्टवेअर पुंकेसरांच्या गर्दीत सरस आहेत, हे मान्य.

घेणारच असाल तर रेल आली त्याच दिवशी कॅमेरा चढवा, पंचेचाळीस अंश खाली झुकवा, लॉक आवळा आणि गाडीच्या कडेशी पेन्सिलची रेघ मारा. सकाळी रेघ सुटलेली दिसली तर अ‍ॅलन स्क्रू कसून पुन्हा एक रात्र ठेवा. तरीही सरकली तर मुदत असेपर्यंत परत पाठवा, विक्रेत्याशी बोलत बसू नका.