टिळकवाडीतील तोंडी गुणाकाराचा वर्ग: एका पालकाचा अभिप्राय
उन्हाळी सुट्टीत आमच्या सातवीतल्या मुलीने बेळगावात टिळकवाडीतील एका खासगी वर्गात मोठ्या संख्यांचे तोंडी गुणाकार शिकून घेतले, आणि बाईंच्या परवानगीने मीही काही तास मागच्या बाकावर बसून ऐकले.

सुरुवात शंभराजवळच्या संख्यांनी झाली. ९७ × ९४ मध्ये शंभराला ३ आणि ६ कमी पडतात; ९७ मधून ६ वजा केले की ९१, तीन सक अठरा, म्हणून उत्तर ९११८. ही रीत का चालते हे बाईंनी कंस सोडवून फळ्यावर दाखवले, हे मला फार आवडले.

त्याहून मोलाची गोष्ट पुढे आली. वर्गात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांची मुले होती. ‘त्र्याहत्तर’ म्हणताना मराठी मुलाला तीन आधी ऐकू येतो आणि सत्तर नंतर. कन्नडमध्ये ‘एप्पत्तमूरु’, म्हणजे सत्तर आधी. डावीकडून हिशेब करताना आमची मुले अंकांची अदलाबदल का करतात हे बाईंनी नेमके हेरले होते, म्हणून ७३ × ४८ च्या तिरप्या गुणाकारात त्या ‘सात दशक, तीन एकक’ असेच म्हणायला लावत: आधी २८ शतके, मग ५६ आणि १२ मिळून ६८ दशके, शेवटी २४ एकक, एकूण ३५०४.

मात्र कोणत्याही दोन संख्यांना लागू पडणाऱ्या या रीतीला दोनच तास मिळाले, हे मला पटले नाही. रविवार पेठेत साडेबासष्ट रुपये दराने ४८ किलो तांदूळ घेताना शंभराजवळचे काहीच नसते. तेथे एक संख्या निम्मी आणि दुसरी दुप्पट करत २४ × १२५, १२ × २५०, ६ × ५०० असे गेले की तीन हजार मिळतात, पण ही युक्ती वर्गात आलीच नाही.

दुसरी उणीव पडताळणीची आहे. वर्गात केवळ नवाचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून उत्तर तपासण्याची रीत, शिकवतात, आणि ३५०४ ऐवजी ३०५४ लिहिले तरी अंकांची बेरीज बाराच राहत असल्याने मराठी मुलांची नेमकी तीच चूक निसटते. अकराच्या ताळ्यात एकाआड एक अंक अधिक-वजा करत असल्यामुळे ती लगेच सापडते. पुढच्या तुकडीला तोही शिकवावा, अशी विनंती मी बाईंना केली आहे.