सरावालाही आणि शर्यतीलाही? सायकलची अशी कार्बन चाकं घेताना सावध राहा

‘एकच जोडी घ्या, रोज सराव करा आणि शर्यतीलाही तीच लावा,’ असं सांगून मला ५० मिलिमीटर खोल रिमची कार्बन चाकं विकली गेली. रिम ब्रेकची (म्हणजे ब्रेकचे पॅड थेट रिमच्या कडेवर दाबले जातात अशी), वापरलेली पण ‘जवळजवळ नवी’, वर एका नामवंत कंपनीचं नाव. विकणारा गोड बोलणारा होता. शंका विचारली की उत्तर तयार, फोटो मागितला की लगेच हजर; फक्त टायर काढून आतली रिम दाखवायला तो शेवटपर्यंत टाळत राहिला.

सपाट रस्त्यावर चाकं झकास पळाली. लांब उतारावर मात्र ब्रेक दाबला की लिव्हर बोटाखाली धडधडायची. ब्रेकचे पॅड कार्बन रिमसाठीचेच होते. टायर उतरवला तर पुढच्या रिमची कड एका जागी बाहेर फुगलेली. ॲल्युमिनियमची रिम ब्रेकची उष्णता पटकन बाहेर टाकते, कार्बनची नाही. कार्बनचे धागे घट्ट धरून ठेवणारं रेझिन हलक्या दर्जाचं असेल तर ते तापून मऊ होतं आणि आतली हवा कडेला बाहेर ढकलते. त्या वेगात ट्यूब फुटली असती तर हे लिहायला मी बसलो नसतो.

रिमवरचा क्रमांक कंपनीकडे पाठवला. त्यांच्या नोंदीत तो डिस्क ब्रेकच्या चाकाचा होता! म्हणजे कुठल्या तरी खऱ्या चाकाचा क्रमांक उचलून निनावी रिमवर चिकटवला होता. चाकं काट्यावर ठेवली तर वजनही सांगितल्यापेक्षा बरंच जास्त. ‘रिम टेप आणि व्हॉल्व्ह धरून भरलं असेल,’ असं विकणारा म्हणाला. कंपन्या वजन देताना बहुतेकदा या दोन गोष्टी धरत नाहीत, हे खरं. पण त्या असतात काही ग्रॅमच्या, एवढा फरक त्यांनी पडत नाही. मग म्हणे मीच ब्रेक चुकीचा लावला. त्यानंतर फोन बंद.

तेव्हा पैसे देण्याआधी क्रमांक मागा आणि स्वतः कंपनीकडून पडताळून घ्या. विकणाऱ्याने पाठवलेल्या ‘पडताळणी’च्या चित्राला काडीची किंमत देऊ नका. टायर काढून रिमची आतली बाजू आणि स्पोकची छिद्रं बघा. माझ्या रिममध्ये तिथे रेझिनचे ओघळ आणि धाग्यांच्या सुरकुत्या होत्या. हुक नसलेली, म्हणजे टायर अडकवून धरणारी आतली वळलेली कड नसलेली रिम असेल तर तिच्यावर चालणारा ट्यूबलेस टायरच लावायचा आणि हवा ५ बारच्या वर न्यायची नाही. हे न सांगता विकणारेही भेटतात.

आणि एकाच जोडीवर भागवायचंच असेल, तर रिम ब्रेकच्या सायकलला ॲल्युमिनियमची चांगली रिम पुरते. सरावाला जाड, टिकाऊ टायर, शर्यतीला हलका आणि वेगवान. रिमच्या वजनात काही ग्रॅम वाचवण्यापेक्षा टायर बदलल्याचा फायदा बहुतेक वेळा जास्त होतो, पण टायर विकण्यात त्या गोडबोल्याला कसला रस असणार?

माझ्या चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, निनावी असले तरी धड निघाले. पुढे २०, मागे २४ छिद्रं. तेवढ्याच छिद्रांच्या ॲल्युमिनियम रिम मिळाल्या, नवे स्पोक घालून बांधून घेतल्या. कार्बनच्या रिम मात्र करवतीने कापल्या, म्हणजे आणखी कुणाच्या गळ्यात पडायला नकोत.