डिफमध्ये नवीन क्राऊन-पिनियन: आजच माल भरायचा की आधी रिकामी फिरवायची?

बेळगावातनं गोव्याला भाजी टाकणाऱ्या पिकअपवाल्याचं डिफ (डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) गेलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मेस्त्रीनं नवीन क्राऊन-पिनियन, म्हणजे त्यातली मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी, बसवून दिलं, आता आज रात्रीच भाडं मारू का थोडे दिवस थांबू? हप्ता काय कुणासाठी थांबत नाही की वो. मी दोन्ही करून बसलोय.

पहिल्या वेळी थांबलो नाही. संध्याकाळी गाडी मिळाली, रात्री बटाट्याची पोती भरली आणि जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलो. मला वाटलेलं उतारच आहे, डिफवर काय लोड येतोय, पण तिथंच चुकलो, कारण सेकंड गिअरमध्ये गाडी अडवत उतरताना चाकं उलटी पिनियनला ढकलतात आणि सगळा भार दातांच्या मागच्या बाजूवर येतो, जी बाजू अजून जराही बसलेली नसते. खाली साखळी गावाला पोचल्यावर डिफच्या हौसिंगवर (बाहेरच्या डब्यावर) पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झालं. दोन-तीन महिन्यांत ॲक्सिलरेटर सोडला की हूंऽऽ करून आवाज यायला लागला. ऑइल काढलं तर काळं, जळका वास, आणि दात निळसर पडलेले. मेस्त्रीला चार शब्द ऐकवले ते ऐकवलेच, पण निम्मी चूक माझी होती.

कारण सोपं आहे. हे गिअर हायपॉईड, म्हणजे पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर नसतो, जरा बाजूला सरकवून बसवलेला असतो. त्यामुळं दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत पण जातात. नव्या दातांवर बारीक खडबडीतपणा असतो, तो गुळगुळीत होईपर्यंत उष्णता जास्त निघते. त्यातच वजन टाकलं की ऑइलचा थर तुटतो, लोखंडाला लोखंड लागतं आणि दातांचा कडकपणा जातो.

दुसऱ्या वेळी मग नीट केलं. पहिले २५-३० किलोमीटर रिकामी गाडी, पन्नास-साठच्या स्पीडनं, रेस न करता, आणि मग अर्धा तास बंद करून पूर्ण गार. बेळगाव ते खानापूर बरोबर तेवढंच पडतं, तिथं चहा-मिरची भजी करायची आणि परत यायचं. असं दोन-तीनदा. नंतर ८०० किलोमीटरपर्यंत वजन नाही, मागं काही ओढायचं नाही, आणि ८०० झाले की ऑइल बदलायचं. पहिला माल पण एकदम लांब नाही न्यायचा, २५ किलोमीटर, गार, परत २५, गार.

खर्च बघा. ८०० किलोमीटर म्हणजे धारवाडला पाच वेळा जाऊन येणं, तेवढं डिझेल, एक जादा ऑइल आणि आठवडाभराची भाडी बुडाली. हे कमी नाही, मी कबूल करतो. पण समोर ठेवा परत क्राऊन-पिनियन, बेअरिंग, सील, मजुरी आणि गाडी गॅरेजला उभी ते दिवस.

ज्याला आठवडा परवडतच नाही त्यानं मधला रस्ता धरावा. गार करायचे पहिले दोन-तीन फेरे चुकवू नका, ते एका दिवसात होतात. त्यानंतर बटाटा-कांदा सोडून मेथी-कोथिंबिरीचे हलके क्रेट घ्या, संकेश्वर-निपाणीकडची भाडी मारा, हायवेला वंटमुरीचा घाट लागतो तिथं जरा सबुरीनं. चोर्ला आणि आंबोली ८०० होईपर्यंत नाहीच. मला विचाराल तर किलोमीटर थोडे कमी पडले तर चालतील, पण गार न करता पळवलेली गाडी नाही चालत. उसाच्या सीझनला ट्रॅक्टरवाले पण हीच घाई करतात, दोन ट्रॉल्या लावून सरळ कारखाना.

ऑइलबद्दल थोडक्यात: हायपॉईडला जीएल-५ च लागतं, जीएल-४ भरू नका (हे गिअर ऑइलचे दर्जे, डब्यावर लिहिलेले असतात). ग्रेड गाडीच्या पुस्तकातली. पुस्तकात सिंथेटिकच सांगितलं नसेल तर पहिल्या ८०० साठी साधं मिनरल घ्या, नाहीतरी ते काढून टाकायचंच आहे.

आणि असं रनिंग (हळूहळू चालवून दात बसवणं) केल्यानं चुकीचं फिटिंग सुधारत नाही, हे बरेच जण विसरतात. बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली फट) आणि दातांवर रंग लावून खूण कुठं पडते ते मेस्त्रीकडं उभं राहून बघा. पहिल्याच दिवशी आवाज असेल तर "चालवा, बसेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तिथंच उघडायला लावा.

८०० ला ऑइल काढलं तेव्हा ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर करड्या रंगाचा मऊ लेप होता, बोटावर घासला तर काजळासारखा. तो चालतो. नखाला टोचणारा तुकडा निघाला तर मात्र नवीन ऑइल भरायच्या आधी कव्हर खोला.